बाबांची दुसरी म्हण

काजलला परत सासरी, कळमेश्वरला, धाडायचं काम यमुताईवर सोपवलं होतं आणि ती ते मनापासून करायला आली होती. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढं त्या बैठकीत जे घडलं त्यावरून कुणालाही वाटेल, आत्या भाचीची बाजू घ्यायला पदर खोचून आली होती. तसलं काहीएक नव्हतं.

सकाळी भावाचा, चेतनचा, फोन आला होता. पोरगी काल एकटीच स्कूटीवर निघून आली, कानाला ओढणी गुंडाळून. जावयाचा हात जरा जोरात लागला म्हणते. डॉक्टरला दाखवलं, कानाचा पडदा गेलाय. सासरची माणसं आज संध्याकाळी न्यायला येतो म्हणालीत, झालं गेलं विसरू म्हणतात, आणि ही म्हणते मी जात नाही. ताई, तू ये, तुझंच ऐकेल ती. पडदा फाटेपर्यंत लागलेल्या हाताला 'जरा' कसं म्हणतात हे यमुताईच्या मनात येऊन गेलं. नवऱ्याच्या, धोंडबाच्या, दुपारच्या भाकरी करून झाकून ठेवल्या, कन्हानच्या नाक्यावरून ऑटो धरला, पुढं मेट्रो, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत ती माहेरी पोचलीसुद्धा.

गोळीबार चौकामागचं उमरेडकरांचं घर आता स्लॅबचं, तीन मजली. खाली जिथं बाबांचे माग खडखडायचे तिथं अस्तर-फॉलचं दुकान भाड्यानं दिलेलं. माग गेले, कांड्या भरणं गेलं, नऊवारी विणणारे हात म्हातारे झाले, पण त्या काळातला एक रिवाज घरात टिकून होता. बैठक. लग्न असो, वाटणी असो, घरातली मोठी गोष्ट बैठकीत ठरायची. सगळ्यांनी सतरंजीवर बसून आपापलं बोलून घ्यायचं आणि शेवटी बाबांनी, म्हणजे बाबनरावांनी, एक म्हण टाकायची. वर स्पष्टीकरण नाही, फोड नाही. म्हण म्हणजेच निकाल. मग माय, रुख्माबाई, सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची, आणि गूळ तोंडात गेला की त्या विषयावर पुन्हा कुणी चकार शब्द काढायचा नाही.

बाबांच्या म्हणींचं घराला मोठं कौतुक. धाकट्या काकाला वेगळं व्हायचं होतं तेव्हा 'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत' म्हणून त्यांनी माग वाटून दिले. चुलतभावाला वेगळं व्हायचं होतं तेव्हा 'गाव करी ते राव न करी' म्हणून त्याला इथंच बसवून ठेवलं. प्लॉट घेताना 'हिंमते मर्दा तो मददे खुदा', आणि चेतनला चारचाकी घ्यायची हुक्की आली तेव्हा 'अंथरूण पाहून पाय पसरावे'. आता या म्हणी समोरासमोर आणल्या तर एकमेकींच्या झिंज्या धरतील. पण दर दोघींच्या मध्ये एवढी वर्षं गेलेली असायची की त्यांची गाठ घालून द्यायचं कुणाला सुचलं नाही. माणूस आपल्याच वाट्याची म्हण लक्षात ठेवतो, दुसऱ्याच्या वाट्याची विसरतो.

यमुताईच्या वाट्यालाही एक आली होती. नवी नवरी असताना ती अशीच कन्हानहून निघून आली होती, हाताचं बोट सुजवून. बैठक बसली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर बाबा म्हणाले होते, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. गूळ खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी काकानं तिला बसमध्ये बसवून दिलं. ते बोट पुढं नीट बसलंच नाही, डाव्या हाताची करंगळी अजून वाकत नाही. पण ती म्हण यमुताईनं गळ्यातल्या पोतीसारखी सांभाळली. तिच्या जोरावर दोन पोरं वाढवली, खाणीतून दारू पिऊन येणाऱ्या माणसाचे जोडे काढले. नात्यात तिचं नाव झालं. संसार कसा करावा तर यमुसारखा. कुणाची लेक रुसून माहेरी आली की यमुताईला बोलावणं जायचं, आणि यमुताई जाऊन ती वाकडी करंगळी दाखवायची, म्हण सांगायची, पोरगी परत जायची. आजही ती त्याच कामाला आली होती. काजल गेली नाही तर मग आपण काहून गेलो, हा प्रश्न तिच्या डोक्यात अजून आला नव्हता.

स्वयंपाकघरात चेतनची बायको दीप्ती आंबे पिळत होती. नणंदेला पाहून तिनं पाणी पुढं केलं, पण तोंडातून अक्षर काढलं नाही आणि रसाचं पातेलं उचलून बाहेर निघून गेली. ती कुणाच्या बाजूनं आहे हे तेवढ्यानं कळलं. काजल भिंतीला टेकून पोळी कुस्करून खात होती, एकाच दाढेनं.

यमुताईनं समजावलं, आणि चांगलं समजावलं. तिला ते येतच होतं. पहिली वर्षं अशीच असतात. पोर झालं की माणूस बदलतो. माहेरी राहिलेल्या बाईला चार दिवस साखर, पाचव्या दिवशी मीठ. भावजया येतात, बाप म्हातारे होतात, मग कुठं जाशील. काजलनं मान वळवून उजवा कान तिच्याकडं केला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. शेवटी यमुताईनं करंगळी पुढं केली आणि टाकीच्या घावांची म्हण सांगितली.

काजलनं ती करंगळी हातात घेतली. "आत्या," तिनं विचारलं, "तुले आलं का मंग देवपण?"

टोमणा असता तर यमुताईनं तो व्याजासकट परत केला असता. तोंडात होतंच तिच्या. पण पोरगी टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती, पुढं जायचं असेल तर रस्ता कुठं निघतो हे आधी गेलेल्याला विचारावं तसं. यमुताई उत्तर द्यायला गेली आणि तिला आठवलं, गेल्याच आठवड्यात भाजीत मीठ जास्त झालं म्हणून धोंडबानं ताट भिरकावलं होतं आणि ती गुडघे टेकून दिवाणाखालची शितं वेचत होती. पेन्शन झालेला माणूस, हात आता कापतो त्याचा, पण ताट फेकण्याइतका जोर आहे. ती म्हणाली, लोक मान देतात मले. कुठले लोक, काजलनं विचारलं, तिकडचे का इकडचे? यमुताईनं हात सोडवून घेतला आणि ताटं उचलायला लागली. वय काय हिचं आणि विचारते काय, असं ती स्वतःशी पुटपुटली.

जेवणं झाली. चेतननं हॉलमध्ये सतरंजी टाकली. बाबांना आता कमी ऐकू येतं, म्हणून कूलर बंद केला, आणि मे महिन्याची ती नागपूरची दुपार घरात शिरून बसली. बाबा भिंतीला उशी लावून बसले. माय नेहमीप्रमाणे दाराशी, गुळाची वाटी मांडीत घेऊन. माय बैठकीत कधी बोलत नसे. तिचं काम गुळाचं.

आधी चेतन बोलला. जावई वाईट नाही, एमआयडीसीत सुपरवायझर आहे, शिफ्टची ड्यूटी, डोकं गरम होतं माणसाचं. व्याह्यांनी, अंकुशरावांनी, फोनवर माफी मागितली आहे. आणि पोरगीही काही कमी बोलत नसेल. टाळी काही एका हातानं वाजत नाही.

"टाळी वाजत नाई," दीप्ती म्हणाली, "कान फुटते एका हातानं."

सून बैठकीत मध्येच बोलली, तेही नवऱ्याचं वाक्य तोडून, हे त्या घरात पहिल्यांदा घडत होतं. बाबांनी डोळे उघडून सुनेकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले. चेतननं सावरून बहिणीकडं खूण केली, आता तू बोल म्हणून.

यमुताई बोलली. सकाळी जे स्वयंपाकघरात बोलली तेच, फक्त आवाजात पूर्वीचा ठोसपणा नव्हता आणि तो नाही हे तिला स्वतःला ऐकू येत होतं. म्हणून तिनं जरा जास्तच जोर लावला. "पाठवा तिले," ती म्हणाली. "मलेबी मारलं. मी मेली का?" काजलनं तिच्याकडं पाहिलं नाही. दीप्तीनं पाहिलं, आणि ती नजर यमुताईला झोंबली. पण चेतनचा चेहरा सैल पडला. ताईनं काम केलं होतं. आता बाबांनी ती म्हण टाकायची, मायनं गूळ वाटायचा आणि काजलनं बॅग भरायची.

बाबांनी घसा खाकरला. यमुताईच्या ओठांवर ती म्हण आधीच येऊन बसली होती, बाबांबरोबर ती मनात म्हणणार होती.

"सुरी सोन्याची झाली," बाबा म्हणाले, "म्हणून कोणी पोटात खुपसून घेत नाई." आणि ज्यांनी जन्मात म्हणीपुढं एक शब्द जोडला नव्हता त्या बाबांनी पुढं जोडला, "पोरगी इथंच राहीन. त्यायले सांगून दे, येऊ नका."

दीप्तीनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. काजल तशीच बसून राहिली, तिला बहुधा खरं वाटत नव्हतं. चेतन दोन क्षण सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखा इकडंतिकडं पाहत राहिला आणि मग म्हणाला, माझ्याही मनात हेच होतं, बाबा. मघाशी त्याच तोंडानं जावयाची शिफ्ट सांगून झाली होती. पण वारा फिरला की चेतन फिरतो, हे घराला नवीन नव्हतं. तो लगेच फोन घेऊन उठला, कळमेश्वरला कळवतो म्हणाला.

बाबा म्हातारे झालेत, म्हण चुकली असेल, आत्ता सुधारतील, असं यमुताईला एकदा वाटून गेलं. पण बाबा उशीला टेकून शांत बसले होते, काम उरकलेल्या माणसासारखे. माय उठली. तिनं काजलच्या हातावर गूळ ठेवला, मग दीप्तीच्या, मग चेतनच्या. यमुताईच्या तळहातावर खडा आला तेव्हा सगळ्यांनी आपापला तोंडात टाकला होता. तिच्या मुठीत तो चिकट व्हायला लागला.

"बाबा," ती म्हणाली, "हे म्हण नवीन हाये का?"

"नवीन काहून राहीन? माह्या आज्याच्या तोंडची हाये."

"मंग माह्या बैठकीत कुठं होती?"

चेतन फोन कानाला लावता लावता थांबला. ताई, गूळ खाल्ला सगळ्यांनी, विषय संपला, असं तो हलकेच म्हणाला. यमुताईनं मूठ उघडून दाखवली. तिचा गूळ तसाच होता.

बाबांनी सांगून पाहिलं. काळ बदलला. तेव्हाची गोष्ट वेगळी होती, तेव्हा कायदे नव्हते, पोरींना शिक्षण नव्हतं, माणसानं वेळ पाहून बोलावं लागतं. ते बोलत होते ते सगळं बरोबरच होतं, आणि त्यातलं एकही यमुताईला पोचत नव्हतं. तिला फक्त एवढंच दिसत होतं की दोन म्हणी होत्या, दोन्ही एकाच माणसाच्या पोटात होत्या, आणि त्यानं तिच्यासाठी ही उचलली नाही, ती उचलली.

मग चेतनचा तोल गेला. आत्तापर्यंत ताई-ताई करणारा भाऊ म्हणाला, "तुले काजलचं चांगलं झालेलं पाहवत नाई का?"

हे लागलं. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला ते पाहवत नव्हतंच. पोटातून एक घाणेरडी इच्छा वर आली होती की काजलनं जावं, बसमध्ये बसून जावं, म्हणजे आपण गेलो ते बरोबर ठरेल. त्या इच्छेची तिला शिसारी आली. तिनं काजलकडं पाहिलं. पोरगी उजवा कान पुढं करून आत्या काय म्हणते ते ऐकायचा प्रयत्न करत होती. दीप्ती उठून यमुताईच्या शेजारी येऊन बसली. सकाळपासून जी तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती तिनं नणंदेच्या पाठीवर हात ठेवला.

"काळ-गिळ काही बदलला नाई," दाराकडून आवाज आला.

माय बोलत होती. बाबांनी मान वळवून बायकोकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यातच यमुताईला कळलं की काहीतरी येतंय.

"तेव्हा प्रेमिला लग्नाची होती," माय म्हणाली. प्रेमिला म्हणजे यमुताईची धाकटी बहीण, आता पुण्याला सुखात असलेली. "मोठी परत आली तर धाकटीले कोण करणार? म्हणून ह्यायनं आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं, तुले धाडायचं. म्हण मंग शोधत बसले. सकाळी दाढी करता करता सापडली." तिनं वाटीतला गूळ बोटानं एका बाजूला केला. "आज काजलच्या मागं लग्नाचं कोणी नाई."

दाढी करता करता. यमुताईनं ते शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले. साबणाचा फेस गालावर असताना, आरशात पाहत, त्यांना तिच्या जन्माला पुरेल अशी म्हण सापडली होती. ती बाबांकडं पाहत राहिली, नाही म्हणतील म्हणून. बाबा नाही म्हणाले नाहीत. चष्मा काढून ते पुसायला लागले.

"तुले माहीत होतं, माय?"

"गूळ मीच तर वाटला ना वं तुले," माय म्हणाली.

आता रडू यायला पाहिजे होतं, पण येत नव्हतं. धक्का बसला की माणसाचं असंच होतं, अंगातून सगळं निघून जातं आणि भलतंच काही डोळ्यांपुढं येतं. यमुताईच्या डोळ्यांपुढं त्या पोरी आल्या. कामठीची, उमरेडची, तिच्याच गल्लीतली ती सावळी, दात पडलेली. सगळ्यांना तिनं करंगळी दाखवली होती, सगळ्यांना हीच म्हण दिली होती, आणि सगळ्या तिच्याकडं पाहून परत गेल्या होत्या. दाढी करताना सापडलेल्या म्हणीवर. तिनं गुळाचा खडा सतरंजीवर ठेवून दिला आणि हात पदराला पुसले.

चेतन कूलर लावायला उठला. विषय बदलायचा असला की तो असलीच कामं काढतो. चहा टाक गं, असंही तो दीप्तीला म्हणाला.

"कूलर राहू दे," यमुताई म्हणाली. "बाबाले ऐकू येणार नाई. आता माही बैठक बसवा."

"म्हणजे?" चेतन म्हणाला.

"म्हणजे मलेबी तिकडं जायाचं नाई."

दीप्तीचा हात पाठीवर होता तो दचकला, पण तिनं काढला नाही. चेतन हसायचा प्रयत्न करत म्हणाला, ताई, या वयात? पोरं काय म्हणतील तुझी, भाऊजींना कोण पाहील, लोक तोंडात शेण घालतील.

"वय बैठकीत इचारत नसतात," ती म्हणाली. "तेव्हाबी कोणी इचारलं नव्हतं, किती वर्षांची हाये म्हणून."

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांचे ओठ हलायला लागले, आवाज नव्हता, नुसते हलत होते. त्या घरातल्या प्रत्येकाला ते ओठ ओळखीचे होते. म्हातारा म्हण शोधत होता. एखादी वळून पाहिली, टाकून दिली, दुसरी घेतली. यमुताईनं ते पाहिलं आणि आजवर आपण या ओठांकडं देव्हाऱ्याकडं पाहावं तसं पाहत आलो, याची तिला लाज वाटली.

"म्हण नका सांगू, बाबा," ती म्हणाली. "मी राहू का नको, तेवढं सांगा."

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजायला लागला. काजलनं तो काढून तिच्या हातात दिला. धोंडबाचा होता. त्याचा आवाज फोनमध्ये मावत नसे, त्यामुळे काजलचा एक कान सोडला तर सगळ्यांच्या सगळ्या कानांना ऐकू गेलं. केव्हा येऊन राहिली, चहाची वेळ झाली, साखरेचा डबा कुठं ठेवला, एक काम धड होत नाही.

"मी बैठकीत आहो," यमुताई म्हणाली.

पोरीचा निकाल लागला नाही का अजून, तिकडून ओरडून विचारलं गेलं.

"तिचा लागला," यमुताई म्हणाली. "माहा राहिला."

तिनं फोन बंद करून सतरंजीवर पालथा ठेवला, आणि बाबांच्या तोंडाकडं पाहत मांडी घालून बसली.